घोड्याचं पोट दुखतं तेव्हा

घोड्याला ओकता येत नाही. कुत्रं किंवा मांजर नको ते खाल्लं की उलटून टाकतं आणि तासाभरात पुन्हा हिंडू-फिरू लागतं. घोड्याची अन्ननलिका मात्र जठराला इतक्या तिरक्या कोनात मिळते आणि तिथला स्नायू इतका बळकट असतो, की आत गेलेलं माघारी येण्याची वाटच उरत नाही. उलट जठर जितकं फुगेल तितकी ती वाट अधिकच मिटते. साधारण ४५० किलोच्या घोड्याचं जठर ८ ते १५ लिटरचं, म्हणजे एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने फारच लहान. पुढे आतड्यात अडथळा आला, रस आणि वायू मागे तुंबत गेले, तर ते फुटूही शकतं, आणि फुटलं की काहीच करता येत नाही.

घोडा पाळणाऱ्याला ज्या दुखण्याची सर्वात जास्त धास्ती असते ते हे पोटाचं दुखणं. डॉक्टर त्याला कॉलिक म्हणतात, जुनी माणसं पोटशूळ म्हणतात. हा एकच एक रोग नव्हे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसं घोड्याचं पोट अनेक कारणांनी दुखतं. काही कारणं एका इंजेक्शनने मिटतात, तर काही सहा-आठ तासांत जीव घेतात. सुरुवातीच्या अर्ध्या तासात दोन्ही सारखीच दिसतात, आणि खरी अडचण इथेच आहे. माझं ठाम मत असं, की आपल्याकडे या दुखण्यात जे घोडे जातात, त्यांतले पुष्कळसे ऑपरेशन झालं नाही म्हणून जात नाहीत. पहिलं लक्षण दिसल्यापासून डॉक्टर येईपर्यंतच्या वेळात जे केलं जातं किंवा करायचं राहतं, त्याने जातात. हा वेळ हाताळायचा, तर आधी पोटाची रचना समजून घ्यायला हवी.

मोकळा घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरतो. थोडं थोडं पण सतत, अशाच खाण्यासाठी त्याचं पोट घडलेलं आहे. त्याच्या जठरात आम्ल अखंड झिरपत असतं, पोटात चारा असो वा नसो. पित्त साठवायला त्याला पित्ताशयच नाही, तेही सतत वाहत राहतं. जठरानंतर लहान आतडं लागतं. त्याची लांबी २० मीटरच्या आसपास, आणि ते एका पातळ पडद्याला लोंबकळत असतं. या पडद्यातूनच त्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा जातात. पडदा लांब असल्यामुळे आतड्याला हालचालीची मोकळीक मिळते, पण त्यामुळेच ते पिळलंही जाऊ शकतं.

त्यापुढे उंडुक आणि मोठं आतडं. गवताचं पचन खऱ्या अर्थाने इथे होतं, आणि ते घोडा करत नाही, त्याच्या पोटातले असंख्य सूक्ष्मजीव करतात. उंडुक म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूची साधारण मीटरभर लांबीची, तीसेक लिटर मावतील अशी पिशवी. तिच्यात आणि पुढच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांवर घोड्याची बरीचशी ताकद चालते. आंबवण म्हटली की वायू आलाच. तो पुढे सरकत राहिला तर काही बिघडत नाही.

मोठं आतडं तीन-साडेतीन मीटर लांब. पोटात मावावं म्हणून ते दुहेरी दुमडलेलं असतं. डाव्या बाजूला, कमरेच्या हाडांच्या तोंडाशी, ते पूर्ण उलट वळतं आणि नेमकं त्याच वळणावर अरुंद होतं. बागेतली रबरी नळी दुमडली की पाणी जसं तिथेच अडतं, तसा कोरडा चारा या वळणावर अडतो. शिवाय हा डावा भाग कशालाही घट्ट बांधलेला नाही. वायूने फुगला की तो वर तरंगतो, सरकतो, कधी प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्यामधल्या खाचेत जाऊन अडकतो, तर कधी स्वतःभोवतीच पिळला जातो.

ही रचना डोळ्यांसमोर असली, की पोटशूळाचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत. आतडं नुसतं आखडलं किंवा वायू धरला, तर कळ जोरात येते, पण मधेमधे आराम पडतो. हा सगळ्यात नेहमीचा आणि बरा होणारा प्रकार. चारा अडून गोळा झाला, तर दुखणं मंद असतं, दिवस-दोन दिवस रेंगाळतं आणि लीद कमी, कोरडी, बारीक होत जाते. आतडं जागचं सरकलं तर दुखणं वाढत जातं. आणि पीळ पडला, किंवा वय झालेल्या घोड्यात देठाला लोंबणारी चरबीची गाठ आतड्याभोवती गुंडाळली गेली, तर त्या भागाचं रक्तच तुटतं. मग आतडं मरायला लागतं, त्याच्या भिंतीतून विषं रक्तात उतरतात, आणि इथून पुढे घड्याळ फार वेगाने पळतं. विणीनंतरच्या काही आठवड्यांत घोडीचं मोठं आतडं पिळलं जाण्याचा धोका वाढतो. हा तर सगळ्यात वाईट प्रकार, तासांच्या हिशेबात मारणारा. सुदैवाने दुखणाऱ्या दहा घोड्यांत ऑपरेशनची गरज साधारण एखाद्यालाच लागते. तो एखादा कोणता, हे लवकर ओळखणं महत्त्वाचं.

घोडा दुखणं सांगतो, पण सुरुवातीला हळू आवाजात. चंदीचा तोबरा समोर असून तोंड लावत नाही. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतो. वरचा ओठ उचलतो. पुढच्या पायाने जमीन उकरतो. मागच्या पायाने पोटावर लाथ मारून घेतो, बसतो, उठतो, पुन्हा बसतो. दुखणं वाढलं की घाम फुटतो आणि तो गडाबडा लोळायला लागतो. एका लक्षणाने मात्र पुष्कळ मालक फसतात. घोडा पुढचे पाय पुढे, मागचे पाय मागे ताणून मुतायला उभा राहिल्यासारखा राहतो, पण मुतत नाही. लगेच सगळे म्हणतात, ‘मूत अडलंय,’ आणि मूत सुटण्याची औषधं सुरू होतात. घोड्यात लघवी अडणं तसं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा तो पोटाचा ताण हलका करायला तसा उभा असतो.

अशा वेळी मोतद्दाराने काय करावं? आधी चारा, चंदी, सगळं खाणं समोरून काढून घ्यावं. मग डॉक्टरांना फोन. आणि फोन करण्यापूर्वी किंवा करता करता चार गोष्टी बघून कागदावर वेळेसकट लिहून ठेवाव्यात, कारण डॉक्टर पोचेपर्यंत त्या बदललेल्या असतात.

पहिली म्हणजे नाडी. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवली, की हाडावरून जाणारी एक शीर दोरीसारखी लागते. पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणावं. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली आणि तिथेच राहिली तर काळजीचं कारण आहे. ऐंशीच्या वर असेल तर फोनवर पहिलं वाक्य तेच सांगावं. घोडा आरडाओरडा किती करतो यापेक्षा नाडी जास्त खरं बोलते. काही घोडे थोड्याशा कळेनेही अंग टाकतात, आणि काही सोशिक तट्टू आतडं मरत असतानाही मान खाली घालून उभे राहतात.

दुसरी गोष्ट हिरड्या. ओठ उचलून बघितलं तर त्या ओल्या आणि गुलाबी दिसायला हव्यात. अंगठ्याने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या कोरड्या लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. विटकरी किंवा जांभळट दिसल्या, दातांच्या कडेने गडद रेघ उमटली, तर विष रक्तात गेल्याची ती खूण आहे.

तिसरी, पोटाचा आवाज. कान सरळ भकाळीला लावावा, डावीकडे वर आणि खाली, मग उजवीकडे वर आणि खाली. निरोगी पोट सतत गुरगुरत असतं. उजव्या भकाळीत वर मिनिट-दोन मिनिटांनी एक लांबलचक खळखळाट ऐकू येतो, तो लहान आतड्यातला माल उंडुकात उतरण्याचा. निरोगी घोड्याच्या पोटाला महिनाभर रोज कान लावणाऱ्याला दुखऱ्या पोटातली शांतता लगेच कळते. चौथी गोष्ट तापमान. ते गुदद्वारात थर्मामीटर धरून घ्यायचं. ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. चांगला ताप असेल तर हे नुसतं पोट धरणं नाही, आतड्याचा दाह किंवा दुसरं काही असू शकतं. शेवटची लीद कधी आणि कशी पडली, हेही सांगावं. एरवी घोडा दिवसाकाठी आठ-दहा वेळा लीद टाकतो.

फिरवावं का? दहा-पंधरा मिनिटं पायी, हळू फिरवल्याने वायू धरलेल्या घोड्याला बरं वाटतं आणि लोळून होणारी इजाही टळते. पण रात्रभर दमवत फिरवणं हा छळ आहे. शांत पडून राहणाऱ्या घोड्याला उठवूही नये. जोरात लोळणाऱ्या घोड्याच्या जवळ जाऊ नये. त्याला मोकळ्या, मऊ जागेत सोडावं आणि माणसांनी बाजूला व्हावं.

आता जे मुळीच करू नये ते. घोड्याचं तोंड वर बांधून बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल, ओव्याचा काढा, सोडा, हिंगाचं पाणी पाजू नये. हे लिहिताना मला ठाऊक आहे, की घरोघर हेच केलं जातं आणि अतिशय मायेने केलं जातं. पण डोकं वर ताणलेल्या, कळेने कासावीस झालेल्या घोड्याला नीट गिळता येत नाही. घशातलं तेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात जाऊन बसतं. पोट सुटतं, पण आठवड्याभरात घोडा न्यूमोनियाने जातो. शिवाय जठर आधीच तुंबलेलं असेल, तर वरून ओतलेलं प्रत्येक लिटर त्याला फुटण्याच्या जवळ नेतं. घरात पडून असलेलं वेदनाशामक इंजेक्शनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नये. कळ दबते, आजार आत वाढत राहतो, आणि डॉक्टरांना समोर दिसतो तो शांत घोडा.

डॉक्टर आल्यावर जे करतात, त्यालाही एक क्रम असतो. तो माहीत असला, की ‘इंजेक्शन द्यायचं सोडून नळ्या काय घालताय?’ असं आपण विचारत नाही. आधी ते नाडी मोजतात. घोडा अनावर असेल तर झायलाझिनसारखं गुंगीचं औषध शिरेतून देतात, त्याने कळही कमी होते. मग नाकातून जठरात नळी घालतात. दिसायला हे क्रूर वाटतं, पण ओकता न येणाऱ्या जनावराला ओकवण्याचा हा एकमेव मार्ग आहे. नळीतून थोडं पाणी सोडून ते उलट ओढून घेतात. सोडल्यापेक्षा दोन लिटरहून जास्त परत आलं, तर लहान आतड्यात अडथळा असल्याचा संशय बळावतो. तेवढ्याने घोड्याला ताबडतोब आराम पडतो आणि जठर फुटण्याचा धोका टळतो.

त्यानंतर गुदद्वारातून हात घालून तपासणी. अनुभवी हाताला वळणावर बसलेला कोरडा गोळा, फुगलेलं आतडं, जागचा सरकलेला भाग बोटांनी कळतो. मात्र एवढ्या मोठ्या पोटाचा निम्म्याहून कमी भागच हाताच्या पल्ल्यात येतो. हे जोखमीचंही काम आहे, कारण घोड्याने जोर केला तर गुदाशय फाटू शकतो. म्हणून आधी ब्युस्कोपान देऊन तो सैल करतात. या औषधाने नाडी काही वेळ वाढते. ती आधीच मोजून ठेवायची, त्याचं हेही एक कारण. शंका उरली तर पोटाच्या खालून सुई घालून आतलं पाणी काढतात. ते स्वच्छ, फिकट पिवळं असेल तर धीर येतो. लालसर, तपकिरी आलं, तर आत आतडं मरतंय.

उपचार या सगळ्यावरून ठरतो. वायू आणि आखडणं असेल, तर ब्युस्कोपान आणि फ्लुनिक्सिनने तासाभरात घोडा सावरतो. फ्लुनिक्सिन हे घोड्याच्या पोटदुखीवरचं फार गुणी औषध, पण तेच पुन्हा पुन्हा दिलं, विशेषतः पाणी कमी पडलेल्या घोड्याला, तर मूत्रपिंड आणि आतडं दोन्हींना इजा करतं. गोळा बसला असेल तर मुख्य औषध पाणी. जठर रिकामं असल्याची खात्री करून नळीतून एका वेळी पाच-सहा लिटर पाणी क्षारांसकट घालतात आणि काही तासांनी पुन्हा घालतात. मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते पाणी आतड्यात ओढून आणतं. लिक्विड पॅराफिनही घालतात. त्याचा एक उपयोग असा, की ते मागून बाहेर आलं म्हणजे वाट निदान काही प्रमाणात मोकळी आहे हे कळतं. पण तेल कोरड्या गोळ्याच्या कडेने निसटूनही जातं, तो भिजवायचं काम पाणीच करतं. अवघड प्रसंगी शिरेतून सलाईन लावतात, आणि घोड्याला ते माणसासारखं एक-दोन बाटल्यांचं पुरत नाही, दहा-वीस लिटर सहज लागतं. आतडं प्लीहेच्या खाचेत अडकलं असेल, तर फेनिलएफ्रिनने प्लीहा आकसवून घोड्याला लांब दोरीवर गोल पळवतात, आणि कित्येकदा आतडं आपसूक सुटून जागेवर येतं. हे वाचताना विश्वास बसणं अवघड, पण ही मान्य पद्धत आहे.

पीळ असेल तर ऑपरेशनला पर्याय नाही. घोड्याला भूल देऊन पाठीवर झोपवायचं, पोट मधोमध उघडायचं, मेलेला भाग कापून टाकायचा. पहिल्या काही तासांत हे झालं तर घोडा वाचून पुन्हा कामाला लागू शकतो. आपल्याकडे ही सोय मोजक्या ठिकाणी आहे, तीही महागडी. तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात किंवा मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या डोंगरावर पीळ पडलेल्या घोड्याला वेळेत तिथवर नेणं बहुतेकांच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी दयामरण सुचवलं तर ती हार समजू नये. अशा घोड्याच्या अंगात औषधं असतात, त्यामुळे ते शव उघड्यावर टाकू नये, खोल पुरावं. गिधाडं मारणारं डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ साली बंद झालं, पण मेलेल्या जनावराच्या अंगातलं औषध पक्ष्यांच्या पोटात जाण्याचा प्रश्न तेवढ्यावर संपलेला नाही.

आपल्या मुलखात हे दुखणं कशातून ओढवतं, याकडे बघितलं तर बहुतेक कारणं दावणीतच सापडतात. सकाळ-संध्याकाळ हरभरा, कोंडा, गूळ भरपूर, आणि मधल्या वेळात तोंडाला काही नाही. जास्त चंदी एकदम गेली की तिच्यातलं पिठूळ लहान आतड्यात पचून संपत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन भसकन आंबतं. मग वायू होतो, आम्ल वाढतं, आणि त्यातून रक्तात उतरलेल्या विषाने खुरांचा दाह होऊन घोडा कायमचा लंगडाही होतो. घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज मिळायला हवा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो, आणि तो दिवसभरात विभागून. चंदी दोनऐवजी तीन-चार वेळांत लहान लहान द्यावी. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस लावून बदलावा. उन्हाळाभर वाळल्या कडब्यावर ठेवलेल्या घोड्याला पहिल्या पावसानंतरच्या हिरव्या गवतावर एकदम सोडणं म्हणजे पोटातल्या सूक्ष्मजीवांची अख्खी वस्ती उलथून टाकणं.

पाणी हे दुसरं मोठं कारण. घोड्याला रोज २५ ते ३० लिटर लागतं, उन्हात आणि कामात त्याहून बरंच जास्त. लग्नाच्या वरातीतली घोडी तीन-चार तास बँडच्या आणि फटाक्यांच्या गोंगाटात उभी असते, पाणी कोणी दाखवत नाही, आणि वर हौसेने पाहुणे तिला पेढे-लाडू भरवतात. घोडे बाजाराला ट्रकमधून शेकडो मैल आणताना ओळखीचं पाणी सुटतं, चारा बदलतो, ताण येतो. वाटेत तीन-चार तासांनी थांबून पाणी पाजावं आणि पहिले दोन दिवस नुसत्या चाऱ्यावर ठेवावं.

दातांची आठवण फार थोड्यांना होते. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजताना कडेला धारदार टोकं सोडतात. तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताच्या गोळ्या पडायला लागल्या की समजावं, चारा नीट दळला जात नाही, आणि न दळलेला चाराच वळणावर अडतो. वर्षातून एकदा दात कानशीने घासून घ्यावेत. जंतांचं औषध दर दोन महिन्यांनी डोळे मिटून देण्यापेक्षा लिदेतली अंडी तपासून द्यावं, कारण सरसकट देण्याने औषधाला न जुमानणारे जंत वाढतात. वाळूत किंवा धुळीत जमिनीवरून चारा खाणाऱ्या घोड्याची लीद बादलीभर पाण्यात ढवळून ठेवावी. तळाशी वाळू बसली तर चारा गव्हाणीत द्यावा. आपलं इसबगोल अशा वेळी वापरतात. ते एकट्याने देण्यापेक्षा डॉक्टरांच्या हातून नळीवाटे मॅग्नेशियम सल्फेटबरोबर दिलेलं अधिक लागू पडतं.

आणि घोडा बरा झाला, लीद पडली, खायला मागायला लागला, तरी त्या दिवशी चंदी देऊ नये. सुरुवातीला मूठभर हिरवं किंवा भिजवलेलं गवत, दोन-तीन तासांनी पुन्हा मूठभर, पाणी मात्र हवं तेवढं. फ्लुनिक्सिनचा अंमल आठ ते बारा तासांनी ओसरतो. तेव्हा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, उठून घोड्याकडे एक फेरी मारावी, नाडी पुन्हा मोजावी, आणि ती चढलेली दिसली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना पुन्हा फोन करावा.